चोवीस तास आणि एक पत्ता

1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यात, रस्त्यावर भरकटलेला मनोरुग्ण पोलिसांनी ताब्यात घेतला की त्याला चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागायचं. 2017 च्या कायद्याने चोवीस तास तसेच ठेवले, पत्ता बदलला. आता कोर्टाऐवजी जवळचं सरकारी रुग्णालय. दिवसभर कोड लिहिणाऱ्या मला हा बदल एका ओळीचा वाटला असता. पण माझ्या मामाला स्किझोफ्रेनिया आहे.

दोन वर्षांपूर्वी तो घरातून निघून गेला. रात्री एका पोलीस ठाण्यात सापडला, लॉकअपमध्ये. गुन्हा काहीच नव्हता. एटीएमबाहेर स्वतःशी बोलत बसला होता. हवालदार वाईट नव्हते, त्यांनी मामाला चहाही दिला होता. ते म्हणाले, "मग ठेवायचं कुठे, तुम्हीच सांगा."

उत्तर कलम 100 मध्ये आहे. अशा माणसाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचंच नाही. का ताब्यात घेतलं हे त्याला सांगायचं, त्याला कळत नसेल तर त्याच्या माणसांना. लवकरात लवकर रुग्णालयात न्यायचं. बेघर असेल तर हरवल्याची तक्रार नोंदवून घरच्यांना शोधायचं. कायदा याला पोलिसांचं कर्तव्य म्हणतो, आणि शब्द 'संरक्षण' वापरतो, 'अटक' नाही.

मामा अजून विचारतो, "मी काय केलं होतं रे?"

तुम्ही कधी अशा कुणासाठी 112 ला फोन केलात, तर पोलीस आल्यावर लगेच निघू नका. एवढंच विचारा, "कोणत्या हॉस्पिटलला नेताय?"