न हसणारा श्रोता

उमरखेडला आम्ही शाळेत होतो तेव्हा मराठी माध्यमात इंग्रजीचा आरंभ पाचवीत होत असे. पहिलीपासून ते आले २००० साली. धडे आम्ही वाचले, शब्दार्थ पाठ केले, निबंध लिहिले. बोलण्याचा प्रसंग मात्र आला तो थेट नागपुरास, महाविद्यालयात. तेथे एका वाक्यात आम्ही ‘डेव्हलप’ या शब्दाच्या आरंभीच जोर दिला आणि वर्ग हसला. हसण्यात दुष्टावा नव्हता. तरीही पुढील तीन वर्षे आम्ही त्या वर्गात इंग्रजीचे एकही वाक्य उच्चारले नाही. चुकलेला आघात मिनिटभरात सुधारता आला असता. गप्प बसून गेलेली तीन वर्षे परत आली नाहीत.

हे आठवण्याचे कारण आमची भाची. गेल्या दिवाळीत घरी गेलो असता ती माडीवर मोबाइलशी इंग्रजीत बोलत बसलेली दिसली. ती बोले आणि यंत्र, जसे ऐकू आले तसे, पडद्यावर लिहून दाखवी. तिने पश्चिम या अर्थाचा ‘वेस्ट’ म्हटला. यंत्राने बनियन या अर्थाचा लिहिला. इंग्रजीतल्या दोन निराळ्या ध्वनींसाठी आपण मराठीतला एकच ‘व’ वापरतो, त्यातली ही गफलत. एकासाठी ओठांचा चंबू करावा लागतो, दुसऱ्यासाठी वरचे दात खालच्या ओठाला टेकवावे लागतात. तिने दहा-बारा वेळा प्रयत्न केला. यंत्र कंटाळले नाही, हसलेही नाही.

असाच एक प्रयोग हैदराबादेत २००२ साली पाच महिने चालला होता. सुगता मित्रा, जेम्स टूली आदी संशोधकांनी १६ मुलांना इंग्रजी शिकवणारी एक संगणक-प्रणाली, काही इंग्रजी चित्रपट आणि बोललेले लिहून दाखवणारे सॉफ्टवेअर दिले; शिक्षकाचा सहभाग जवळजवळ नव्हताच. मुलांचे उच्चार सुधारले, असा निष्कर्ष त्यांनी २००३ साली प्रसिद्ध केला. मात्र त्या सॉफ्टवेअरला आधी एका ‘योग्य’ आवाजाची सवय लावावी लागली होती. येथे आम्ही अडखळतो. योग्य आवाज कोणाचा? आमच्या वऱ्हाडात ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘पाणी’चे ‘पानी’ होते, आणि त्यापायी मराठीतही हसू झेललेली माणसे पुष्कळ आहेत. उच्चारावरून माणसाची पायरी ठरते, हे पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’त १९७५ सालीच रंगभूमीवर दाखवले.

शिवाय यंत्राचा निवाडा अंतिम मानू नये. आजची यंत्रे मागच्यापुढच्या शब्दांवरून अंदाज बांधतात. सूर्य पश्चिमेला मावळतो, हे सबंध वाक्य भाचीने इंग्रजीत म्हटले तेव्हा ‘व’ तोच जुना होता. पण यंत्राने पश्चिमच लिहिली. सुटा शब्द चुकला, वाक्यात खपून गेला. माणसांचेही असेच असते. अर्थ कळावा अशी इच्छा असली की उच्चार आड येत नाही.

“मामा, तुम्ही बोला ना इंग्रजीत,” ती म्हणाली. आम्ही बोललो. ‘डेव्हलप’ टाळून बोललो, हे येथे कबूल करतो. मध्येच शब्द सुचेना, थांबलो. तीही यंत्रासारखीच न हसता थांबून राहिली. फक्त तिला आमचे म्हणणे ऐकायचे होते.