प्रशिक्षणाचा रकाना

जामसांवलीला आम्ही गेलो ते सासूबाईंच्या नवसासाठी. सौंसरजवळचे हे गाव मध्य प्रदेशात येते, 2023 पासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात. पण कानी पडते ती मराठीच, नागपुरी वळणाची. इथला मारुती उभा नाही, चक्क पहुडलेला आहे. मूर्ती कोणी घडवलेली नाही, स्वयंभू आहे, अशी श्रद्धा. रांगेत दीड तास गेला.

बाहेर एक पंचविशीतला मुलगा पणत्या आणि मडकी मांडून बसला होता. मी सरकारी कारकून हे बोलता बोलता त्याला कळले आणि त्याने पिशवीतून कुठल्याशा योजनेचा अर्ज काढला. “भाऊ, इथं काय लिहू? मले समजूनच नाही राह्यलं.” रकाना होता, प्रशिक्षण कोठे घेतले, प्रमाणपत्र जोडावे.

आता कुंभाराच्या पोराने प्रशिक्षण कोठे घेतले म्हणून सांगावे? खरे सांगायचे तर असे रकाने कोरे ठेवलेले अर्ज मी वीस वर्षे ‘अपूर्ण’ शेरा मारून परत पाठवत आलो आहे. पण ते टेबलाच्या अलीकडे बसून. इथे मी त्याच्या बाजूला उकिडवा बसलो होतो.

मला ब्रह्मदेव पंडित आठवले. बिहारमधील नवादाचे, जातिवंत कुंभार घराण्यातले. चाक त्यांना घरातच मिळाले. पुढे ते शिकले खानापूरला, खादी ग्रामोद्योगाच्या कुंभारकाम केंद्रात. गोव्याहून रेल्वेने बेळगावला जाताना लोंढ्यानंतर लागते तेच हे खानापूर. कितीदा तिथे गाडी थांबली असेल, आम्ही चहा घेतला आणि पुढे गेलो! मग पंडित मुंबईकडे आले, भाईंदरला त्यांनी भट्टी उभारली आणि 2013 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे मुलगेही याच कामात आहेत.

घरातल्या आणि केंद्रातल्या शिक्षणात फरक कसला, तर मुख्यतः आगीचा. आपले नेहमीचे मडके आठशे-नऊशे अंशांवर भाजते, सच्छिद्र राहते, म्हणून तर पाणी गार होते. पंडित करतात ते स्टोनवेअर बाराशेच्या वर जाते, दगडासारखे घट्ट होते. त्यावर ग्लेझ चढते. फेल्डस्पार, गारगोटी, चुनखडी, कधी नुसती लाकडाची राखही पुरते. भट्टीत ती वितळून काच बनते. भट्टीतला प्राणवायू कमी केला की त्याच लोखंडाच्या अंशाने वेगळाच रंग येतो. हे गणित चाकावर बसून कळत नाही, ते शिकावे लागते. पण बोटांच्या दाबाने भिंत किती पातळ करायची, ओली माती कोसळायच्या आधी हात कधी थांबवायचा, हे कोणत्या केंद्रात शिकवणार?

प्रदर्शनांच्या पुस्तिकांत कलावंतावर प्रभाव कोणाचा ते छापलेले असते. मातीकामात बर्नार्ड लीच आणि हमादा ही दोन नावे हटकून येतात. त्या दोघांनी 1920 मध्ये इंग्लंडात सेंट आइव्ह्जला भट्टी घातली आणि जगभरच्या स्टुडिओ पॉटरीला वळण लावले, हे मान्यच. गंमत अशी की, हे दोघे ज्यांना गुरुस्थानी मानत ते चीन, कोरिया, जपानमधले जुने कुंभार बहुतांशी निनावी. आमच्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मातीची भांडी येतात, त्यांच्या बुडाशी तरी कुठे कोणाचे नाव असते? माझी आई मात्र मडके बोटाने वाजवून कोणत्या म्हातारीकडचे ते ओळखायची.

असो. मुलाला मी पंडितांची हकीकत थोडक्यात सांगितली. पद्मश्रीचे त्याला फारसे काही वाटले नाही. “बारासे डिगरीची भट्टी? लाकूड किती लागत असन हो?” त्याने विचारले. गॅसवरही चालते म्हटल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग सिलिंडरचा हिशेब बोटांवर करू लागला.

सासूबाई प्रसाद घेऊन आल्या, बस सुटायची वेळ झाली. मी खिशातले पेन काढले आणि त्या रकान्यात लिहिले : वडिलांकडे, वय वर्षे सातपासून. प्रमाणपत्राच्या जागी काय, म्हणून त्याच्याकडे पाहिले, तर त्याने एक पणती उचलून माझ्या हातात ठेवली.

“ही टाचनीनं लागन काय?” तो हसून म्हणाला.