चिकटवहीतला तपकिरी रंग

छायाचित्र जुने दिसावे म्हणून आता वाट पाहावी लागत नाही. संगणकावर चित्र उघडावे, यादीतून 'सेपिया' निवडावे, कोपरे थोडे काळवंडून घ्यावेत, वर बारीक दाणे पसरावेत आणि हवी तर पांढरी चौकट द्यावी. काल सायंकाळी काढलेले चित्र पणजोबांच्या काळातले वाटू लागते. हौसेने चिकटवही करणाऱ्या मंडळींना ही सोय विशेष प्रिय आहे, आणि त्यामागे केवळ हळवेपणा असतो असे नाही. निरनिराळ्या कॅमेऱ्यांनी, निरनिराळ्या उजेडात काढलेली चित्रे एका पानावर आली की आपसांत भांडू लागतात. एकाच तपकिरी छटेत बुडवली की मुकाट्याने नांदतात. हा व्यावहारिक लाभ आम्हाला मान्य आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. हा जो जुनेपणा आपण चित्रावर चढवतो, तो नेमका कशाचा असतो?

यादीतले एकेक नाव नीट वाचले तर ती बरीचशी दोषांची आणि रोगांची यादी आहे असे ध्यानात येते. काळवंडलेले कोपरे ही भिंगाची मर्यादा. भिंगे घडवणाऱ्यांनी ती कमी करण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या डोके चालवले. चित्रावर आडवी पडलेली तांबूस तिरीप म्हणजे कॅमेऱ्याच्या फटीतून फिल्मवर शिरलेला उजेड. ज्याची फिल्म अशी वाया जाई, तो कपाळाला हात लावी. पिवळट डाग बहुधा हायपो नीट धुतला न गेल्याचे. इन्स्टाग्राम २०१० साली सुरू झाले. त्याच्या सुरुवातीच्या रंगछटांपैकी एकीचे नाव '१९७७' होते. ती लावली की चित्रावर गुलाबी, विटकी झाक येते. पण १९७७ साली प्रयोगशाळेतून हाती पडलेले रंगीत चित्र असे विटके नव्हते. त्यातली रंगद्रव्ये पुढे वर्षानुवर्षे कमीअधिक वेगाने उडत गेली, म्हणून ते तांबूस झाले. म्हणजे छटेला नाव १९७७ चे, आणि रंग मात्र त्यानंतरच्या सगळ्या वर्षांचा.

सेपियाची गोष्ट याहून वेगळी आहे, आणि आम्हाला ती अधिक गुंतवते. हे नाव मुळात एका समुद्री जिवाचे. कोकणात ज्याला म्हाकूळ म्हणतात त्या जातीच्या प्राण्याच्या शाईपासून चित्रकार तपकिरी रंग करीत असत. छायाचित्रणात त्या शाईचा काहीही संबंध नाही. तिथे केवळ रंगसाम्यामुळे नाव चिकटले. काळ्यापांढऱ्या चित्रातला काळा भाग चांदीच्या सूक्ष्म कणांचा असतो. ही चांदी हवेतल्या गंधकाने व ओलाव्याने हळूहळू बिघडते. तेव्हा छायाचित्रकार ते चित्र आधी एका द्रावणात विरंजित करी आणि मग सोडियम सल्फाइडच्या द्रावणात बुडवी. खोलीभर नासक्या अंड्यांचा वास सुटे आणि चांदीचे रूपांतर तपकिरी सिल्व्हर सल्फाइडमध्ये होई. हे संयुग नुसत्या चांदीपेक्षा पुष्कळ टिकाऊ. (अंड्यातल्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावरची चित्रे, ज्यांची रीत ब्लाँकार-एव्रार याने १८५० साली जाहीर केली, ती तर मुळापासूनच तपकिरी-जांभळट असत.) थोडक्यात, हा रंग म्हाताऱ्या चित्राचा नव्हता. म्हातारपण लांबावे म्हणून चित्राला दिलेल्या औषधाचा होता. आज आपण त्याच औषधाचा रंग घेऊन धडधाकट चित्राला म्हातारे करतो.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा प्रकार अपरिचित नसावा. ऐतिहासिक कादंबरीत 'जाहले', 'वदले' पेरून जो काळ उभा केला जातो, तो असाच. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला बखर लिहिली, तेव्हा तो जुन्या भाषेत लिहीत नव्हता. दरबारातल्या माणसाला सहज येणारी त्याच्या दिवसांची भाषा लिहीत होता. तिचे जुनेपण आपण मागाहून पाहिलेले. असो. हा विषय एका परिच्छेदात उरकण्यासारखा नाही.

हाताने रंगवलेल्या छायाचित्रांचे काय? आपल्या देशात ती परंपरा मोठी आहे. अल्काझी संग्रहातील अशा चित्रांवर २००८ साली एक स्वतंत्र ग्रंथच निघाला. कॅमेऱ्याला रंग दिसत नसत तेव्हा कुंचलेवाला ते भरून काढी: गालांवर गुलाबी, दागिन्यांवर पिवळा, पातळावर जो सुचेल तो. आमच्या आत्याचे १९६२ सालचे लग्नाचे चित्र असेच रंगवलेले आहे. त्यात तिचा शालू जांभळा आहे. प्रत्यक्षात तो मोतिया होता. रंगवणाऱ्याने शालू पाहिलेला नव्हता आणि मोतिया रंग कागदावर उठून दिसला नसता. आता घरातल्या प्रत्येकाच्या आठवणीत आत्या जांभळ्या शालूतच बोहल्यावर उभी राहते. जे त्या मांडवात होते त्यांच्यासुद्धा. रोलाँ बार्थ याला रंगाचा भरवसा नव्हता. चित्रातल्या मूळ काळ्यापांढऱ्या सत्यावर मागाहून थापलेले प्रसाधन असे तो त्याला समजे. आत्याच्या शालूपुरते ते शब्दशः खरे आहे. तरीही येथे आम्ही बार्थच्या बाजूचे नाही, आणि त्याला कारण आत्याच आहे.

२०२२ साली तिचे सहस्रचंद्रदर्शन झाले. त्यासाठी तिची नात, म्हणजे आमच्या आतेबहिणीची मुलगी, एक चिकटवही करीत होती. लग्नाचे चित्र, पुढची रंग उडालेली चित्रे आणि अलीकडची डिजिटल चित्रे असा सगळा मामला. अलीकडच्यांत २०१७ सालचे एक होते: आतोबा गॅलरीत कुंड्यांना पाणी घालीत आहेत, अंगात गंजीफ्रॉक, शेजारी लाल प्लॅस्टिकची बादली. आतोबा २०१९ साली गेले. ती बादली पानावर फार ओरडत होती, म्हणून पोरीने ते चित्र सेपियात घेतले, कोपरे काळवंडले. चित्र सुरेख झाले. बादली कुठल्याही काळातली वाटू लागली आणि गंजीफ्रॉकलासुद्धा एक भारदस्तपणा आला.

आत्याने चष्मा पुसून ते बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "ह्यांना जाऊन इतकी वर्षं झाली का गं?"

"नाही आजी, तीनच. मी मुद्दाम जुना केलाय फोटो."

"मग नको करूस. बादली अजून न्हाणीघरात आहे."

त्यानंतर जांभळ्या शालूचे पान उलटताना ती काही बोलली नाही. आम्हीच विचारले, की हा रंगही खोटाच ना? तिने मान डोलावली. पण तो बदलावा असे तिला वाटत नव्हते. हा भेद आमच्या मनात बराच काळ घोळत राहिला. शालू रंगवणारा खोटे बोलला ते समोरचे माणूस रंगात, जिवंत दिसावे म्हणून. त्याचा खोटेपणा त्या दिवसाकडे ओढणारा होता. सेपियाने आतोबांना उचलून भिंतीवरच्या पूर्वजांच्या रांगेत नेऊन ठेवले, आणि आत्या अजून तितकी लांब गेलेली नव्हती. तीन वर्षांच्या दुःखाला साठ वर्षांचा रंग तिला सोसला नाही. सौंदर्याचा प्रश्न तिच्यापुरता उद्भवलाच नाही.

पोरीने थोडी कुरकुर केली. तिचेही चुकत नव्हते. लाल बादलीने ते पान खरोखरच बिघडले आहे. मूळ फाइल तिने जपली होती म्हणून निभावले, नाहीतर तपकिरीत गेलेला रंग परत येत नाही. चित्र आता जसे काढले तसे, तारखेसह चिकटवलेले आहे. लग्नाचे चित्र कोपऱ्यांत खोचून बसवले आहे, ते काढता येते. त्याच्या पाठीवर आत्याने पेन्सिलीने 'शालू मोतिया, पैठणचा' एवढे लिहून ठेवले आहे.