हिंवांतील सोनें

बेल्जियममधील अँटवर्प शहराच्या उत्तरेस काल्मथाउट हें गांव आहे. तेथील वृक्षोद्यान आम्हीं ऐन माघांत पाहिलें. इतर झाडें निष्पर्ण उभीं. ‘विच हेझल’चीं झुडपें मात्र पिवळ्या-तांबूस फुलांनीं डवरलेलीं! रेशमी फितींसारख्या त्यांच्या पाकळ्या कडक हिंवांत गुंडाळल्या जातात व ऊब येतांच उलगडतात.

१९५२ सालीं डी बेल्डर बंधूंनीं ही दुर्लक्षित बाग विकत घेतली. पुढें रॉबर्ट यांच्या पत्नी येलेना यांनीं ती जोपासली. तेथील एका नारिंगी वाणास त्यांचेंच नांव आहे.

निचऱ्याची, किंचित् आम्ल माती, उन्हाळ्यांत ओलावा आणि बुडाशीं पालापाचोळा एवढें या झुडपास पुरे. छाटणी फुलें सरल्यावर, तीही बेताची. धोका एकच. हे वाण बहुधा अमेरिकन जातीच्या खुंटावर कलम केलेले असतात. खुंटाचे धुमारे वाढूं दिले, तर ते कलमास दडपून टाकतात व शेवटीं खुंटच उरतो. आंब्याचें कलम राखणाऱ्या वाचकांस हें नवें नाहीं. धुमारा दिसतांच मुळाशीं माती उकरून तो ओढून काढावा. वरवर कापल्यास पुन्हां फुटतो.

खऱ्या थंडीवांचून हें झुडूप फुलत नाहीं. तेव्हां आमच्या दारीं त्याची आशा नको. परंतु त्याची ही डोळस राखण मात्र आमच्या बागेंतही उपयोगी पडेल.