बोटाची पट्टी, खणाची पट्टी

कर्जत म्हटलं की मुंबई-पुण्याच्या मंडळींना काय आठवतं? फार्महाऊस, पावसातला ट्रेक, स्टेशनवरचा वडापाव. आणि खालापूर म्हणजे एक्स्प्रेस-वेचा टोलनाका. पण आमच्या घरातलं कर्जत वेगळं आहे, रेल्वेचं. १८६३ पासून गाड्या इथून बोरघाट चढतात. ३७ फुटांमागे एक फूट चढ! त्यासाठी गाडीला इथे मागून बँकर इंजिनं लावतात. बाबा याच रेल्वेत फिटर होते. रिटायर झाल्यावर त्यांच्यासोबत घरी राहिली ती त्यांची स्वतःची हत्यारांची पेटी. लोखंडी पत्र्याची, पाच खणांची.

या पेटीवर बाबांनी अख्ख्या आळीचे मिक्सर, इस्त्र्या नि सायकली दुरुस्त केल्या. पण पेटी पडवीत, आणि आमचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहेच. प्रत्येक खणाच्या वरच्या कडेवर अॅल्युमिनियमची पट्टी होती. दोन पट्ट्या निघून पडल्या, बाकीच्या हलायला लागल्या.

पट्टी दिसायला शोभेची, पण तिच्याखाली असते कापलेल्या पत्र्याची उघडी कड. म्हणजे ब्लेडच! गेल्या पावसाळ्यात बाबांचं बोट तिथेच कापलं. त्यात डायबेटिस. जखम भरायला दीड महिना लागला. आईने जाहीर केलं, "अहो, ती पेटी भंगारात द्या." बाबा काहीच बोलले नाहीत. पेटी उघडायचीच बंद केली. मला ते जास्त लागलं.

नवी पेटी काय, ऑनलाइन दोन दिवसांत येते. पण बाबांचा हात न बघता तिसऱ्या खणातल्या दहा-अकराच्या पान्यावर जातो. ती सवय कुठल्या साइटवर मिळणार? म्हणून एका शनिवारी मी कामाला लागलो. सुपरवायझर अर्थातच बाबा, स्टुलावर बसून!

आधी जाड हातमोजे. मग खण रिकामा करून रेल्समधून पूर्ण बाहेर काढला. पट्टीच्या दोन्ही टोकांच्या प्लॅस्टिकच्या टोप्या काढल्या. पट्टी मधून उचकटायची नाही, वाकते आणि पत्र्यालाही पोचा पडतो. आतून पांढरी भुकटी निघाली. ओलाव्यात अॅल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना चिकटून राहिले की आधी अॅल्युमिनियम झिजतं. ती भुकटी फुगते आणि पट्टी घट्ट बसते. म्हणून गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवलं. सकाळी जुनं एटीएम कार्ड एका टोकाला सारलं आणि हळूहळू पुढे नेलं. पट्टी अलगद सुटली.

मग कडेवरून कानस, पॉलिश पेपर, रेडऑक्साईडचा हात आणि वर रंग. "रंग पूर्ण वाळू दे. ओल्यावर पट्टी चढवलीस तर सगळा खरवडून निघेल," इति सुपरवायझर.

तशीच पट्टी कुठे मिळेना. मग लोकल पकडून खालापूर तालुक्यातल्या खोपोलीला गेलो. तिथे स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्याकडे अॅल्युमिनियमचं बारीक यू-चॅनल मिळालं. जायच्या आधी बाबांनी दोन गोष्टी मोजून दिल्या होत्या : पत्र्याची जाडी आणि वरच्या खणापर्यंतची फट. चॅनल जाड असतं तर खण बंदच झाला नसता. शिवाय दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा मिलिमीटर जागा सोडायची. उन्हात अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. कापलेली टोकं कानशीने गोल केली, आत सिलिकॉनचे चार थेंब टाकले आणि चॅनल बाजूने सरकवलं. झालं! पाच खणांना दोन शनिवार-रविवार गेले.

आता आईची एकच अट आहे, मोजे घालूनच पेटी उघडायची. बाबांनी ती निमूट मान्य केली. सध्या पडवीत शेजारच्यांचे दोन मिक्सर नंबर लावून बसलेत.

तुमच्या घरी, गावाकडे अशी जुनी पेटी किंवा कपाट असेल तर एक करा. खणांच्या कडेवरून बोट नको, कापसाचा बोळा फिरवा. धागा अडकला की समजा, पट्टी बदलायची वेळ झाली.