फ्लॉरेन्सच्या पावसात कोल्हापूरची छत्री

इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात कोल्हापूरच्या एका राजाचं स्मारक आहे, हे आमच्या शिरोळात विचाराल तर दहांतल्या आठ जणांना माहीत नसेल. मला माहीत होतं ते बी.ए.ला इतिहास घेतल्यामुळे. दुपारच्या शाळेत मी अर्धवेळ शिकवते. मुलींना दरवर्षी सांगते, "छत्रपती दुसरे राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्सला वारले." मुली वहीत लिहून घेतात आणि मी पुढच्या धड्याकडे वळते. ती जागा कधी डोळ्यांनी बघायला मिळेल असं स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं.

योग आला तो जाऊबाईंच्या बाळंतपणाच्या निमित्ताने. माझे धाकटे दीर मिलानला नोकरी करतात. जाऊबाईंच्या आईंना गुडघेदुखीमुळे जाता येईना, तेव्हा सासूबाई आणि मी निघालो. डिंक, अळीव, बाळंतशेपा, सुंठ असं सगळं पेटीत भरलं आणि वर वाडीच्या दत्ताचा अंगारा. महिना-सव्वा महिना आम्ही मिलान पाहिलं ते चौथ्या मजल्याच्या खिडकीतून! बाळाची अंघोळ, शेक-शेगडी (तिथे शेगडी कुठली, गरम पाण्याची पिशवी) आणि झोपेचं खोबरं. सासूबाई रोज संध्याकाळी एकच प्रश्न आडून आडून विचारायच्या, "मग आता परत यायचं कधी ठरवलंय?" आणि भाऊजी रोज एकच उत्तर द्यायचे, "बघू की आई." त्यापुढे घरात कोणी बोलायचं नाही.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी भाऊजी म्हणाले, "वहिनी, उद्या मी घरी आहे. तुम्ही दोघी फ्लॉरेन्स बघून या." मिलानहून वेगवान गाडीने दोन तासांचा प्रवास. त्यांनी कागदावर यादीही करून दिली. मोठं चर्च, मायकेलअँजेलोचा डेव्हिड, चित्रांचं संग्रहालय. मी छत्रीचं विचारलं तर म्हणाले, "ती गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. एक दिवस हातात, त्यात पाऊस सांगितलाय. तिथे काय आहे बघायला?" सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "आपल्या गावचा माणूस तिथं एकटा पडलाय, आणि एवढं लांब येऊन त्याला भेटायचं नाही होय?" विषय संपला.

सकाळी नऊला गाडीतून उतरलो तेव्हा पाऊस होताच. आपल्याकडच्यासारखा धो धो नव्हे, भुरभुरता, पण थांबायचं नाव नाही. तिथला हा सगळ्यांत पावसाचा महिना. सासूबाईंनी साडी घोट्याच्या वर खोचली, वर स्वेटर, पायात भाऊजींनी घेऊन दिलेले बूट. जुन्या गावातल्या रस्त्यांना फरशा घातलेल्या आहेत, त्या पावसात शेवाळल्यासारख्या निसटतात. जाणाऱ्या मैत्रिणींना माझं एवढंच सांगणं की, चपला घरी ठेवा. आणि कॉफी प्यायची तर गल्ल्यापाशी उभ्याने प्या, टेबलाशी बसलं की दर चढतो. कॉफी घेतली की स्वच्छतागृहही वापरता येतं, आणि बायकांना दिवसभराच्या पायपिटीत तोच मोठा प्रश्न असतो.

स्टेशनपासून दहा-पंधरा मिनिटांत मोठ्या चर्चपाशी पोचलो. पांढऱ्या, हिरव्या, गुलाबी संगमरवराच्या भिंती पावसाने धुऊन लखलखत होत्या, आणि वर तो प्रचंड विटांचा घुमट. ब्रुनेलेस्की नावाच्या कारागिराने १४२० ते १४३६ या सोळा वर्षांत, खालून लाकडी आधार न देता तो चढवला. आमच्याकडून विजापूर जवळ, गोल घुमट लहानपणापासून पाहिलेला. तो १६५६ चा, म्हणजे हा त्याच्याही दोनशे वीस वर्षं आधीचा. समोरच्या अष्टकोनी देवळाचे सोनेरी दरवाजे पाहिले. हल्ली तिथे नक्कल बसवलेली आहे, अस्सल संग्रहालयात ठेवलेत. त्याचं कारण पुढे कळलं.

डेव्हिडच्या संग्रहालयापुढे छत्र्यांची ही लांबलचक रांग. आमच्याकडे आधी काढलेलं तिकीट नव्हतं. तासन्‌तास उभं राहायचं की चालायचं? चाललो. अस्सल डेव्हिड पाहिला नाही याची हळहळ आहे, नाही असं म्हणत नाही. पण राजवाड्यापुढच्या चौकात त्याची तेवढीच मोठी प्रतिकृती उघड्यावर उभी आहे. अस्सल पुतळा १८७३ पर्यंत त्याच जागी होता. सासूबाईंनी एकदा पाहून मान वळवली, मग पुन्हा पाहिलं. "थंडी वाजत असंल गं बिचाऱ्याला," म्हणाल्या. शेजारच्या कमानींखाली पावसाला आडोसा मिळाला. तिथे एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात राक्षसिणीचं मुंडकं धरलेला वीर आहे, चेल्लीनीने १५५४ साली पुरा केलेला. तो मात्र त्यांना आवडला. आपल्याकडे देवीच्या हातात असं मुंडकं असतं, त्यामुळे ओळखीचं वाटलं असावं.

मग नदीकडे निघालो, आणि वाटेत एका अरुंद बोळाच्या कोपऱ्यावर माझे पाय थबकले. भिंतीवर दोन पाट्या, दोन्ही माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर. एका जुन्या दगडावर कोरलेला हात पाण्याच्या रेघेकडे बोट दाखवतो. तो पूर ४ नोव्हेंबर १३३३ चा. दुसरी पाटी त्याच्याही थोडी वर, ४ नोव्हेंबर १९६६ ची. तारीख तीच! पाणी जवळजवळ सोळा फूट चढलं होतं. त्या पुरात चर्चसमोरचे ते सोनेरी दरवाजे फुटून दहांतल्या पाच चौकटी निखळल्या. सान्ता क्रोचे चर्चमधल्या चिमाबुएच्या क्रुसाचा निम्म्याहून अधिक रंग वाहून गेला. ग्रंथालयातली लाखो पुस्तकं चिखलात बुडाली. देशोदेशींहून तरुण पोरं-पोरी आली आणि हातोहात पुस्तकं बाहेर काढू लागली. लोकांनी त्यांना नाव दिलं 'चिखलातले देवदूत'.

शिरोळच्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला लागत नाही. २००५, २०१९, २०२१. कृष्णा आणि पंचगंगा आमच्या तालुक्याला कुशीतही घेतात आणि गिळतातही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कुरुंदवाड, वाडी, आजूबाजूची गावं पाण्यात. माणसं होड्यांतून बाहेर काढली, जनावरांचे हाल तर विचारू नका. आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. ओसरल्यावर माझी बी.ए.ची पुस्तकं पोतं भरून टाकून दिली. सासूबाईंनी पाटीकडे मान वर करून बराच वेळ पाहिलं. "ह्यांनी खूण करून ठेवली, ते बरं केलं," म्हणाल्या. "आपण रंग दिला की विसरतो."

जुन्या पुलावर सोन्याची दुकानं. पूर्वी तिथे खाटिक बसत. त्या वासाला कंटाळून १५९३ साली राजाने त्यांना हलवून सोनार बसवले. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, जर्मनांनी माघार घेताना नदीवरचे बाकीचे पूल उडवले, एवढा राखला. काचेतले दागिने पाहून सासूबाई निवाडा देऊन मोकळ्या झाल्या, "अठरा कॅरटचं. घडण चांगली आहे, पण आपल्या साजाची सर नाही." खाली आर्नो गढूळ, तांबूस, फुगलेली. आमच्याच नदीसारखी.

इथून पुढची वाट लांबची. नदीच्या कडेने पश्चिमेला अर्धा तास चाललं की काशीने नावाची बाग सुरू होते. नावाचा अर्थ दुभत्या जनावरांचे गोठे. राजघराण्याची गुरं तिथे असत. ही बाग तीन-साडेतीन किलोमीटर लांब आहे आणि आपलं ठिकाण तिच्या अगदी शेवटाला! दुतर्फा उंच झाडं, पायाखाली पिवळ्या पानांचा लगदा, आणि माणूस म्हणाल तर एखादा पळणारा नाही तर कुत्रं फिरवणारा. मला मनातून काळजी वाटू लागली. सासूबाई बासष्टच्या, पाय भिजलेले. दोनदा म्हटलं, "आई, परत फिरू या का?" त्या पुढेच चालत होत्या. "वाडीला पौर्णिमेला चालत जातो ते काय कमी हाय?"

चालता चालता त्यांना महाराजांची हकीकत सांगितली. जन्म १८५० चा. दत्तक येऊन १८६६ साली गादीवर बसले, वय सोळा. समुद्र ओलांडणं म्हणजे धर्म बुडवणं, असं मानण्याचे ते दिवस. अशा काळात युरोपला गेलेल्या पहिल्या हिंदू राजांपैकी हे एक. १८७० मध्ये इंग्लंड पाहिलं, व्हिक्टोरिया राणीला भेटले, रोज इंग्रजीत डायरी लिहिली. ती बरोबरच्या कॅप्टन वेस्टने १८७२ साली लंडनला छापून काढली. परतीच्या वाटेवर आजार वाढला आणि फ्लॉरेन्समध्ये सारं संपलं. कोल्हापूरचं राजाराम कॉलेज आहे ना, ते यांच्याच नावाचं. इटलीत तेव्हा प्रेत जाळायची रीत नव्हती, तिथलं पहिलं दहनगृह मिलानला निघालं ते १८७६ साली. खास परवानगी मिळवावी लागली. आपल्या रिवाजाप्रमाणे दोन नद्यांचा संगम शोधला, जिथे मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते तो. रात्रीच्या वेळी चिता रचली आणि गावातले लोक ते बघायला लोटले.

"वीस वर्षांचं पोर," सासूबाई म्हणाल्या. मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

झाडी संपते तिथे ती छत्री एकदम समोर येते. आपल्याकडे राजघराण्याच्या समाध्यांवर असते तशीच, खांब, महिरपी, वर घुमटी. आत महाराजांचा अर्धपुतळा, डोक्याला पागोटं, गळ्यात मोत्यांचे सर. पुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा, आणि छत्रीचा आराखडा मेजर मँटचा, ज्याने पुढे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडा केला. हे काम १८७४ चं. चौथऱ्यावर इंग्रजी-इटालियनबरोबर आपल्या देशातल्या भाषांतही मजकूर कोरलाय. पावसाने अक्षरं काळवंडली होती. त्या सगळ्या परक्या मुलखात तो चेहरा मात्र अगदी आपल्या वळणाचा, ओळखीच्या घरातल्या थोरल्या मुलासारखा. इटालियन लोक या जागेला 'इंडियानो' म्हणतात, म्हणजे भारतीय माणूस. शेजारचा १९७८ साली पुरा झालेला मोठा झुलता पूलही त्याच नावाने ओळखला जातो. त्या पुलावरून रोज हजारो गाड्या 'भारतीय माणसाचं' नाव घेत जातात, आणि त्याचं खरं नाव फारसं कोणाला ठाऊक नाही.

सासूबाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मग पुढे संगमापर्यंत गेल्या. आमच्या वाडीच्या संगमापुढे तो अगदीच लहान, घाट नाही, देऊळ नाही, नुसता गवताचा उतार. पर्समधली अंगाऱ्याची पुडी काढून चिमूटभर त्यांनी पाण्यात सोडला. मी छत्री धरून मागे उभी होते. त्या पाण्याकडे पाहत म्हणाल्या, "पोरं लांब जायचीच. पण जिथं जातील तिथं कुणीतरी आपलं जवळ पाहिजे. ह्याच्याजवळ होती की चार माणसं, सगळं रीतीनं केलं त्यांनी." मला वाटलं आता डोळ्यांना पदर लावतील, पण नाही. "भूक लागली गं," म्हणाल्या.

बसायला कोरडी जागा एकच होती, त्या मोठ्या पुलाच्या खाली. तिथे उभ्याउभ्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. वर गाड्यांची घरघर, बाजूला पाऊस. इतकी गोड दशमी मी कधी खाल्ली नाही.

परतताना बागेच्या मधोमध ट्राम मिळते ती पकडली, थेट स्टेशनपाशी सोडते. जाणाऱ्यांनी येताना-जाताना तिचाच उपयोग करावा, पाय वाचतात. मिलानला पोचलो तेव्हा आठ वाजले होते. भाऊजींनी दार उघडलं, खांद्यावर बाळ, आणि पहिलाच प्रश्न, "मग, डेव्हिड पाहिला का?"

सासूबाईंनी ओली साडी खोलीतल्या गरम नळ्यांवर पसरली, हात शेकून बाळाला घेतलं आणि आमच्या राजाची सगळी गोष्ट त्यांना सांगितली. परत कधी येणार, हे त्या दिवशी विचारलं नाही. पुढच्या पंधरा दिवसांतही नाही.

मार्चमध्ये भाऊजींचा फोटो आला. ऊन पडलेलं, छत्रीच्या कठड्यापाशी बाबागाडी, त्यात आमचं टोपडं घातलेलं बाळ. खाली दोनच ओळी, "आईला दाखवा. मेमध्ये महिनाभर येतोय."