टाकीचं दुखणं

जुन्या पिकअपची डिझेल टाकी आज एकदाची बदलली. जाधववाडीच्या मार्केटमध्ये माल उतरवताना गाडीखाली ओला, काळपट डाग दिसू लागला होता. एम-सील थापून थोडे दिवस निभावले, पण झिरपणं काही थांबेना.

मिस्त्रीने टाकी खाली उतरवली तेव्हा खरं दुखणं कळलं. तिला आवळून धरणाऱ्या पट्ट्यांखाली चिखल साचून पत्र्याचे पापुद्रे सुटले होते. नखाने टोकरलं तरी भुगा पडत होता. आतूनही गंज. अर्धवट रिकाम्या टाकीतली दमट हवा रात्री गार पडते, तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होतं. डिझेलपेक्षा जड असल्याने ते तळाशी बसतं आणि पत्रा खात राहतं.

‘वेल्डिंग मारून घ्या,’ बाजूचा एकजण म्हणाला. मिस्त्रीने हातच जोडले. डिझेल काढलं तरी टाकीत वाफ उरते. ठिणगी पडली की भडका.

नवी टाकी, पट्ट्यांखाली नवं रबर, नवा फिल्टर. मग हातपंप मारून लाइनमधली हवा काढली आणि इंजिन धडधडलं. खर्च खिशाला लागला, पण याच गाडीवर घर चालतं.

गळकी टाकी ठिगळं लावून चालवू नका, बदलाच. आणि रात्री गाडी उभी करताना टाकी शक्यतो भरलेली असू द्या.